एका खणात एकच माणूस

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. लिहिलं की ते समोरच्या खुर्चीत बसून विचारतायत असं वाटतं, "आडनाव आधी का नाही? वडिलांचं नाव पूर्ण घेतलंस की नुसतं अक्षर? आणि हे 'श्री' कोणाला विचारून लावलंस?" त्यापेक्षा आम्ही सगळे म्हणायचो तेच बरं. काका.

नवीन आलेला माणूस त्यांना मास्तर म्हणायचा. ते पोस्टातून निवृत्त झालेत एवढं त्याला कोणीतरी सांगितलेलं असायचं. काका त्याला तिथेच थांबवायचे. "मास्तर नव्हतो मी. पोस्टमन होतो. मास्तर आत बसायचे, मी चालायचो."

आता ते दापोलीला मुलीकडे असतात. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. त्यामुळे लिहायला बसलं की अजून कोणाची तरी परवानगी घ्यायची राहिली आहे असं वाटत राहतं.

मी बी.ए.ला असताना रत्नागिरीतल्या एका जुन्या वाचनालयात रोज तीन तास काम करायचे. तिथे जुने कागद संगणकावर चढवायचं काम चालू होतं. गावोगावचे दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, भजनाच्या आणि नमनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या शिमग्यातल्या लोकनाट्याच्या, वह्या. कागद स्कॅन करायचा आणि मग एक तक्ता भरायचा: शीर्षक, लेखक, गाव, साल. मला वाटलं होतं स्कॅनिंग अवघड असेल. ते दोन दिवसांत आलं. अवघड होता तो लेखकाचा रकाना, आणि त्या रकान्याचे मालक काका होते.

एकच माणूस एका अंकात वि. गो. असतो, दुसऱ्यात विनायक गोविंद, तिसऱ्यात नुसता विनूभाऊ. तिन्ही तसेच चढवले तर संगणकाला तीन माणसं वाटतात. उलट एकाच नावाची तीन माणसं असली तर संगणक त्यांना एक समजतो. म्हणून प्रत्येक लेखकाचं स्वतंत्र पान करायचं. त्यावर एक ठरलेलं नाव, त्याची बाकीची नावं खाली, जन्म-मृत्यूची सालं, गाव, वाडी. पुढे त्या माणसाचं काहीही सापडलं की त्याच पानाला जोडायचं.

काकांनी हे संगणक यायच्या आधीच सुरू केलं होतं. भिंतीला टेकून पोस्टातली पत्रं लावायची जुनी लाकडी फळी उभी होती, चौकोनी खणांची. पोस्टाने ती मोडीत काढली तेव्हा त्यांनी मागून आणली होती. एकेका खणात एकेका लेखकाचं कार्ड. खण संपले तेव्हा त्यांनी बाजारातल्या चपलांच्या दुकानातून रिकामी खोकी आणली. "एका माणसाला एकच खण," ते सांगायचे, "आणि एका खणात एकच माणूस. एवढं जमलं की झालं वाचनालय."

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. "पूर्ण." पूर्ण सांगितलं. "आजोबांचं?" तेही सांगितलं. "वाडी?" मी जरा घाबरतच वाडी सांगितली. नोकरीसाठी आजोबा कशाला लागतात ते मला कळेना.

"तुमच्या वाडीत तुझ्या नावाच्या आणखी एकदोघी असतील," ते म्हणाले.

होती एक. माझी चुलत बहीण.

"मग तुझं पत्र तिच्याकडे जात असेल."

"मला अजून कधी पत्र आलेलं नाही, काका."

"येईल तेव्हा घोळ होईल. आत्तापासून आईचं नाव लावत जा मध्ये." एवढं बोलून त्यांनी माझं कार्ड केलं आणि एका रिकाम्या खणात ठेवलं. मी एक ओळही लिहिलेली नव्हती. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "खण आधी करून ठेवायचा. माणूस येतो मागून."

त्यांचा चेहऱ्यांवर अजिबात विश्वास नव्हता. मासळी बाजारात कोणी "काय पोस्टमन, ओळखलंत का?" म्हणून हाक मारली की ते कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे. त्या माणसाने नाव सांगितलं की मात्र त्याचा पत्ता घडाघडा म्हणून दाखवायचे, कोणाच्या द्वारा, कोणत्या देवळाच्या मागे, घराला किती पायऱ्या. वर, "तुमच्या कुत्र्याने मला दोनदा धरलं होतं," हेही. तो माणूस खूश होऊन माफी मागायचा.

पदव्यांचं त्यांना वावडं होतं. प्रा., डॉ., ह.भ.प., गुरुजी, भाऊसाहेब, काहीही लेखकाच्या रकान्यात चालायचं नाही. एकदा एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांच्या नावामागचं डॉक्टर आम्ही गाळलं होतं. काकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या आईच्या हयातीत तुम्हाला घरी जेवायला कोणी डॉक्टर म्हणून हाक मारली का?" ते नाही म्हणाले. "मग इथेही जेवायलाच आलात असं समजा." ते हसले आणि पुढे कितीतरी वर्षांचे अंक त्यांनीच आणून दिले.

दोन नावं एकाच माणसाची निघाली की ती एका पानावर आणायची, त्याला काका लग्न लावणं म्हणायचे. चुकून जोडलेली वेगळी करायची, ती काडीमोड. "चौकशी केल्याशिवाय लग्न लावायचं नाही," असा नियम होता. आणि चौकशी म्हणजे फोन नाही. दर गुरुवारी ते जुन्या खाकी पिशवीत लॅपटॉप, डबा आणि त्या आठवड्याची कार्डं घालून एसटीने निघायचे. टेबलावर पाटी उभी करून जायचे: चौकशीला गेलो आहे. नवीन लोकांना वाटायचं पोलिसात काही प्रकरण चालू आहे.

असेच एकदा ते खेडला गेले. जुन्या अंकांत एका 'कुमारी मंदाकिनी' नावाच्या बाईंच्या प्रेमकविता होत्या आणि काकांना संशय होता की त्या खेडच्या एका निवृत्त कारकुनांनी लिहिल्या आहेत. त्यांचं घर शोधलं. दार बायकोने उघडलं. काकांनी सरळ विचारलं, "मंदाकिनी इथेच राहायच्या का?"

पुढचं ते मला सांगायचे तेव्हा त्यांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही. कारकून आतल्या खोलीतून बाहेर येईनात. बायको म्हणाली, कोण मंदाकिनी, किती वर्षांपासून, सगळं मला सांगा. काकांनी घाबरून कविता पुढे केली. तिने चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि म्हणाली, "ही अंजिरी साडी माझी आहे." मग आत तोंड करून, "अहो, मंदाकिनी, बाहेर या. पोस्टमन आलेत." कारकुनांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. काकांनी कार्डावर लिहिलं, आधार: पत्नीने साडी ओळखली.

मी एकदा विचारलं होतं की एवढं कशाला, काका. कोण बघतं लेखकाचं नाव. तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वाडीत त्यांनी एक पत्र दिलं. मुंबईहून आलेलं, मुलगा वारल्याचं. त्या वाडीत त्या नावाचे दोघं होते आणि दोघांचेही मुलगे मुंबईला. पत्र गेलं चुकीच्या घरी. त्या घराने एक दिवस आणि एक रात्र सुतक पाळलं. दुसऱ्या दिवशी काकांना चूक कळली तेव्हा ते धावत गेले.

"मारलं त्यांनी तुम्हाला?"

"नाही गो. चहा दिला. मुलगा जिवंत आहे म्हणून त्या बाईने मला चहा दिला. मग तेच पत्र घेऊन दुसऱ्या घरी जायचं होतं."

यानंतर मी तो प्रश्न परत विचारला नाही.

आणि तरीही मी ती चूक केली. एका गुरुवारीच केली. काका बाहेर होते. संगमेश्वरकडच्या एका गावाच्या नमन मंडळाने अकरा वह्या दिल्या होत्या, गण, गवळणी, वगाची गाणी. मी लेखकाचं नाव टाकलं तर संगणकाने दोन पानं दाखवली. दोन्हींवर धोंडू राघो मांडवकर. गाव तेच, वाडी तीच, वडिलांचं नाव तेच. एकावर मृत्यूचं साल होतं, दुसरं जवळजवळ कोरं. मला वाटलं, काकांकडून एकच माणूस दोनदा चढला. मला तर आनंद झाला. त्यांची चूक सापडायची संधी कधी येत नसे. मी 'एकत्र करा' हे बटण दाबलं. संगणकाने विचारलं, नक्की का? मी नक्की म्हटलं. भिंतीवरच्या खणात बघायला उठले नाही.

दिवाळीनंतर साधारण महिन्याने एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी टोपी, काखेत छत्री, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "हितं मेलेल्यांची यादी कोण करतां?"

"इथे पुस्तकांची यादी करतात," काका म्हणाले. "नाव?"

"धोंडू राघो मांडवकर."

"वाडी?"

"खालचीवाडी."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग संगणकाकडे, मग परत त्यांच्याकडे. "बसा," ते म्हणाले.

"बसतंय. मेलेल्या माणसास बसायला सांगतां, म्हंजे लोक बरे दिसतां."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या मंडळाचं नमन मुंबईला नाट्यगृहात व्हायचं होतं. गावातली निम्मी माणसं मुंबईला, तेव्हा ते येणार, भावकी येणार, सगळे येणार. हँडबिल शुक्रवारी छापायला जाणार होतं आणि आज मंगळवार होता. मंडळाचा सेक्रेटरी त्यांचाच पुतण्या. त्याने मोबाइलवर आमच्या वाचनालयाचं पान उघडून दाखवलं: सगळ्या वह्या धोंडू राघो मांडवकर यांच्या, पुढे मृत्यूचं साल. म्हणजे यांचे याच नावाचे आजोबा. हँडबिलावर 'रचना: कै. धोंडू राघो मांडवकर' असं जाणार.

"गावात आदीपासून बोलतातच," ते म्हणाले. "ह्यान काय केलान? आजोबाचा सगळा उतरवलान नि सोताचा म्हणून सांगतो. नाव पण तांच, मग कोणास काय सांगणार? आता तुमी पण लिवलंत. सरकारी झाला."

"आम्ही सरकारी नाही," काका म्हणाले.

"मोबाइलात हाय म्हंजे सरकारीच."

काका उठून खणांच्या फळीकडे गेले. दोन कार्डं काढली. एकावर आजोबा. दुसऱ्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: नातू. हयात. चौकशी बाकी. पावसात त्या गावाची एसटी बंद होती आणि मग त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून ते जायचं राहिलं होतं. ते कार्ड हातात धरून ते म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली. आम्ही दोन माणसं एका खणात घातली." ते माझ्याकडे बघत नव्हते.

मला गप्प बसता आलं असतं. तिथे आणखी दोघं काम करायचे. पण मला सुतकाचं ते घर आठवलं. मी म्हटलं, "आजोबा, ते मी केलं."

"तू काय केलंस, बाय?"

"तुम्हाला तुमच्या आजोबांत मिसळलं."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. "माज्या बापसान पण तांच केलान," ते म्हणाले. "आजोबा गेला नि वर्सान मी झालो. नाव तेच ठेवलान. तुजा काय घेऊन बसलीस."

 काकांनी माझी खुर्ची ओढून म्हाताऱ्यांच्या शेजारी ठेवली.

काडीमोड सोपा नव्हता. एकदा जोडलेलं एका बटणाने सुटत नाही. वह्यांतलं एकेक गाणं उघडून ते कोणाचं ते ठरवायचं होतं, दीडशेच्या आसपास गाणी. अक्षरावरून कळावं, तर अक्षर सगळं एकच. आजोबांना लिहिता येत नव्हतं. ते म्हणायचे आणि माणसं पाठ करायची. नातवाने ते वडिलांच्या तोंडून ऐकून वहीत उतरवलं आणि त्याच वहीत पुढे स्वतःचं लिहीत गेला. ज्यांना फरक माहीत होता ती माणसं आता नव्हती. म्हणजे कुठलं कोणाचं हे जगात एकच माणूस सांगू शकत होता, आणि तो आमच्याकडे आपलं नाव सोडवायला आला होता.

मी पहिली ओळ वाचायची, ते सांगायचे, काका लिहायचे.

"आजोबा."

"कशावरून?" काका विचारायचे. आधाराशिवाय ते काही लिहीत नसत.

"शब्द बगा की. असा मी नाय बोलत."

पुढची.

"मी. ह्यात यष्टी हाय. आजोबान यष्टी बगितलानच नाय."

पुढची.

"माजी."

"कशावरून?"

"बरी नाय ती. माजीच."

काकांनी पेन थांबवलं. "असं लिहू?"

"लिवा. लगीन ठरलेला तवाची हाय, लक्ष नव्हतां."

एका गणाला ते म्हणाले, "ह्यो आजोबाचा. पण मी असतो तर शेवट बरा केला असता." काकांनी तेही लिहून घेतलं. दुपारी तिघांनी काकांच्या डब्यातले पोहे वाटून खाल्ले. वह्या संपत आल्या. मोजले नव्हते, पण नातवाच्या बाजूला आजोबांपेक्षा बरंच जास्त जमलं होतं आणि म्हाताऱ्यांची पाठ सकाळपेक्षा ताठ झाली होती.

मग ती गवळण आली.

जांभ्याच्या पायरीवरनं सरला माझा पाय,
हसतोस कान्हा काय?

ती मलाही पाठ होती. आमच्या गावाकडे शिमग्यात म्हणतात. कोणाची म्हणून कधी विचारलं नव्हतं. मुंबईच्या कार्यक्रमात तीच मुख्य होती, हँडबिलावर रचना म्हणून जे नाव जाणार ते हिच्याच खाली.

मी वाचलं आणि थांबले.  म्हाताऱ्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली. 'मी' असं म्हटलं असतं तरी कोणाला कळणार नव्हतं. काका नेहमीसारखं "कशावरून" म्हणाले नाहीत. पेन खाली ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसले.

"पाणी द्या वाईच," म्हातारे म्हणाले. मी दिलं. प्याले.

"पयली दोन कडवी त्याची," ते म्हणाले. "चाल त्याची. फुडची तीन माजी. तो दोनावर अडला नि मेला. बापूस म्हणायचा, माज्या बापसास फुडचा सुचला नाय. तेवीस वर्सांचा असताना मना सुचला. शेतात. बैल सोडून घरी आलो नि लिवला."

"कशावरून?" काकांनी आता विचारलं, अगदी हळू.

"मी सांगतंय म्हणून."

काकांनी लिहिलं, आधार: स्वतः सांगतात. त्या दिवशी त्या रकान्यात त्यांनी पहिल्यांदाच खाली रेघ मारली.

आता एका गवळणीला दोन रचनाकार हवे होते. मी पहिलं नाव टाकलं, मग दुसरं टाकलं. संगणकाने लाल अक्षरांत सांगितलं, या गाण्याला हे नाव आधीच लावलेलं आहे. दोघांत काहीतरी फरक दाखवायला हवा होता. काका म्हणाले, "जन्मतारीख?"

"एक जून."

काकांनी कपाळाला हात लावला. "शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेली?"

"दुसरा कोण लिवणार?"

"अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलाय या यादीत." ते म्हाताऱ्यांकडे वळले. "घरात काय म्हणायचे तुम्हाला?"

म्हातारे एकदम लाजले. सत्तरीच्या पुढचा माणूस लाजताना मी पहिल्यांदाच बघितला. "तां कशास?"

"सांगा तर."

"बाबू. आयस म्हणायची. तिच्या सासऱ्याचा नाव ना माजा. सासऱ्याचा नाव घेणार कशी? मरंपातुर एकदा पण धोंडू म्हणून हाक नाय मारलीन. शाळंत पयल्या दिवशी गुरुजींनी धोंडू राघो म्हणून हजेरी घेतलानी, तर मी उठलोच नाय. मना वाटला आजोबास बोलावतात."

टोपणनाव लेखकाच्या मुख्य नावात घालायचं नाही, हा काकांचाच नियम. मंदाकिनीसुद्धा त्यांनी खालच्या ओळीत टाकली होती. मी त्यांच्याकडे बघितलं.

"आजोबांना कोणी बाबू म्हणायचं का?" त्यांनी विचारलं.

"तेला? तेच्या समोर कोण तोंड उघडत नव्हता."

"मग हे नाव तुमच्या एकट्याचं आहे," काका म्हणाले आणि मला, "घाल."

मी घातलं. मांडवकर, धोंडू राघो (बाबू). संगणकाने काही तक्रार केली नाही.

शुक्रवार तीन दिवसांवर होता, म्हणून काकांनी तिथूनच पुतण्याला फोन लावला आणि सगळं समजावलं. फोन स्पीकरवर होता. पुतण्या आदबीने ऐकून घेऊन म्हणाला, "काका, तुमचं बरोबर असेल. पण एकाच ओळीत दोनदा धोंडू राघो छापलं तर लोक छापखान्याची चूक समजतील. हसतील. एकच ठेवू. पणजोबांचंच ठेवतो, कै. असलं की जरा वजन येतं. आमचे चुलते काय, घरचेच आहेत."

काका त्याला नियम सांगायला लागले. म्हाताऱ्यांनी हात पुढे करून फोन मागितला.

"बाळ्या."

"बोला."

"एकच नाव ठेवतोस?"

"हो. बरं दिसतं."

"बरा. मग गवळण पण तेवढीच म्हणा. दोन कडवी झाली की पडदा पाडा. राधा तितंच पायरीवर पडून ऱ्हाऊ दे. फुडची तीन मी माज्याकडं ठेवतंय."

 फोनमधून मुंबईतल्या रस्त्याचा आवाज येत राहिला. मग पुतण्या म्हणाला, "बघतो."

"बग," म्हातारे म्हणाले आणि फोन काकांना परत दिला. तो बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी काकांनी मला एवढंच सांगितलं, "पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर चल. चौकशी कशी करतात ते बघ." त्यानंतरचे बरेच गुरुवार मी त्यांच्याबरोबर गेले. पण त्याबद्दल आज नको.

कार्यक्रम झाल्यावर पंधरा दिवसांनी म्हातारे परत आले. हँडबिल चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात. काकांनी ते टेबलावर सपाट केलं. गवळणीच्या खाली छापलं होतं: रचना – कै. धोंडू राघो मांडवकर आणि धोंडू राघो मांडवकर (बाबू).

"हसले का लोक?" काकांनी विचारलं.

"हसले की. पयल्या रांगेतल्यांनी इचारलानी, ह्यो बाबू कोण? मी उठून उभा ऱ्हायलो." त्यांनी हँडबिल काकांकडे सरकवलं. "ह्यो कागद तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. माज्याकडं वाळवी लागंल."

काकांनी ते रीतीप्रमाणे दाखल करायला माझ्याकडे दिलं. मी स्कॅन केलं, शीर्षक टाकलं, साल टाकलं. लेखकाच्या रकान्यात धोंडू एवढंच लिहिल्यावर संगणकाने खाली दोन ओळी उघडल्या. माझा हात थांबला. चूक करायची भीती अजून गेली नव्हती. मी म्हाताऱ्यांकडे बघितलं.

ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले, चष्मा वर केला आणि दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. मग त्यांनी वरच्या ओळीवर बोट टेकवलं. "ह्यो आजोबा," ते म्हणाले. बोट खाली सरकवलं आणि तिथेच ठेवलं.

"नि ह्यो मी."